सरकारी गाडीची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्या मोडीत निघाल्याच्या बातम्या वरचेवर छापून येतात. किती गाड्या निघाल्या, लिलावात किती रक्कम आली, हे त्यांत असते. त्या गाड्यांच्या जागी काय येणार, कोणत्या इंधनावर चालणारे येणार आणि कधी येणार, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. तहसील कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, नगरपरिषदेचे अग्निशमन केंद्र यांना खरी झळ बसते ती या न छापलेल्या भागाची. म्हणून हे पत्र.

नियम थोडक्यात असा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६ जानेवारी २०२३ रोजी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. केंद्र व राज्य सरकार, महापालिका, नगरपालिका, पंचायत, राज्य परिवहन उपक्रम, सार्वजनिक उपक्रम आणि स्वायत्त संस्था यांच्या मालकीच्या वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी आपोआप संपते. खासगी मालकाला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळते, सरकारी वाहनाला ती सोय नाही. सूट आहे ती संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या कामातील चिलखती व तत्सम विशेष वाहनांना. रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर, अग्निशमन बंब यांना ती नाही.

म्हणजे गाडी शोरूममधून कार्यालयात आली त्याच दिवशी तिची शेवटची तारीख आरसी बुकावर लिहिलेली असते. २०१२ मध्ये नोंदलेली जीप २०२७ मध्ये थांबणार, हे सांगायला कोणत्याही समितीची गरज नाही. तरीही बहुतेक कार्यालयांत नव्या गाडीचा प्रस्ताव तयार होतो तो जुनी गाडी आवारात उभी राहिल्यानंतर. मग मागणी, तपासणी सूची, त्रुटींची पूर्तता, वित्त विभागाची मान्यता, केंद्राच्या ऑनलाइन खरेदीच्या जेम पोर्टलवरील खरेदी, पुरवठा आणि नोंदणी हा सगळा प्रवास सुरू होतो. मध्येच मार्चअखेर आली की निधी परत जातो आणि पुढच्या अर्थसंकल्पात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोपर्यंत एक तर भाड्याची गाडी येते, नाहीतर नोंदणी संपलेली गाडीच ‘जवळपास’ म्हणून फिरवली जाते. हे दुसरे तर फारच धोक्याचे. नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ चा भंग आहे. अपघात झाला तर नुकसानभरपाईच्या दाव्यात पहिला प्रश्न याच कागदाचा निघतो, आणि त्याचे उत्तर बिचाऱ्या चालकाला द्यावे लागते.

गाडी बदलण्याचे नियोजन लॉगबुकापासून सुरू व्हायला हवे, आणि नेमकी तिथेच पहिली गडबड असते. अनेक जुन्या गाड्यांचे किलोमीटर मीटर बंद असते. जुन्या मॉडेलमध्ये मीटरची केबल तुटलेली असते, नंतरच्या गाड्यांत गिअरबॉक्सवरचा वेगाचा सेन्सर गेलेला असतो. केबल असो वा सेन्सर, गाडीच्या एकूण खर्चापुढे हे काम किरकोळच. पण मीटर बंद असले की लॉगबुकातील आकडे डिझेलवरून उलटे काढले जातात: चाळीस लिटर भरले, ठरलेला ॲव्हरेज बारा, म्हणून ४८० किलोमीटर. महिनोन्‌महिने ॲव्हरेज बरोबर बाराच येत असेल, तर ते लॉगबुक हिशेब जुळवण्यापुरते लिहिलेले आहे असे समजावे. खऱ्या गाडीचा ॲव्हरेज पावसाळ्यात, निवडणुकीच्या दिवसांत, घाटातल्या दौऱ्यात हलतोच. अशा लॉगबुकावरून गाडी रोज किती चालते, एका दिवसात जास्तीत जास्त किती चालते, इंजिन चालू ठेवून किती वेळ उभी राहते, यातले काहीच कळत नाही. नव्या गाडीचे इंधन ठरवायला तर हेच तीन आकडे लागतात.

दुसरी अडचण निर्लेखनाची, म्हणजे गाडी सरकारी वापरातून रीतसर काढून टाकण्याची. गाडी निर्लेखित करायची तर यांत्रिकी तपासणीचा अहवाल, मोटार वाहन निरीक्षकाचे मूल्यांकन, समितीचे इतिवृत्त, राखीव किंमत आणि मग एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा जेमवर ई-लिलाव, असा क्रम असतो. पंधरा वर्षांवरील सरकारी गाडी घ्यायची मुभा फक्त नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याच्या केंद्राला असते, गावातल्या भंगारवाल्याला नाही. या केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. केंद्रात गाडी जमा झाली की ठेव प्रमाणपत्र मिळते. इंधन, ऑइल, कूलंट काढणे, एसीचा वायू ओढून घेणे, बॅटरी व सीएनजी टाकी वेगळी करणे, चेसिस क्रमांकाचा तुकडा कापून जपून ठेवणे हे सगळे झाल्यावर मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र निघते आणि ‘वाहन’ या नोंदणीच्या संगणक प्रणालीतून गाडीची नोंद जाते.

कागदावर हे सरळ दिसते, पण अडते ते चार ठिकाणी. जुन्या गाडीची नोंद ‘वाहन’ प्रणालीत चढलेलीच नसते, मग आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या कागदांवरून मागची नोंद, करून घ्यावी लागते. आरसी मुंबई-पुण्यातल्या संचालनालयाच्या नावावर असते आणि गाडी तालुक्यात उभी असते, त्यामुळे स्थानिक अधिकाऱ्याच्या सहीने काम होत नाही. चेसिस क्रमांक गंजून वाचता येत नाही किंवा आरसीवरच्या क्रमांकाशी एखाद्या अक्षराने जुळत नाही. आणि जुनी ई-चलने थकलेली असतात, ती कोणत्या लेखाशीर्षाखाली भरायची यावर फाईल फिरत राहते. या चारही गोष्टी गाडी चालू असताना, चौदाव्या वर्षी, एका दिवसात तपासता येतात. चेसिस क्रमांकाची जागा तारेच्या ब्रशने घासायची, वर पेन्सिलीने ठसा घ्यायचा आणि तो आरसीशी ताडून पाहायचा, एवढेच काम आहे.

तसे न करता गाडी आवारात उभी केली की ती दर पावसाळ्यात विरघळत जाते. आधी बॅटरी जाते, मग स्टेपनी, अल्टरनेटर, स्टार्टर. सायलेन्सरच्या मार्गातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर हमखास जातो, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे धातू असतात. खालचा पत्रा चिखलात गंजतो. लिलावाच्या वेळी निरीक्षकाने वर्षापूर्वी काढलेले मूल्य आणि समोर उभा असलेला सांगाडा यांचा मेळ बसत नाही, बोली राखीव किमतीपर्यंत पोहोचत नाही आणि लिलाव पुन्हा लावावा लागतो. राज्यांनी जुन्या सरकारी गाड्या मोडीत काढाव्यात म्हणून केंद्राने २०२३-२४ च्या भांडवली साहाय्य योजनेत ३ हजार कोटी रुपये वेगळे ठेवले होते. दिरंगाईने गाडीचे मोल तर जातेच, अशा प्रोत्साहनाची मुदतही निघून जाते.

अग्निशमन बंबाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. लहान नगरपरिषदेचा बंब पंधरा वर्षांत फारसा धावत नाही. मीटरवर वीस-तीस हजार किलोमीटर पाहून लोकांना वाटते, गाडी अजून नवीच आहे. पण बंबाचे इंजिन उभ्या जागी पीटीओमधून, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणाऱ्या जोडणीतून, पंप फिरवत असते. आगीच्या ठिकाणी चार तास पंप चालला तर मीटर शून्य किलोमीटर दाखवतो. बंबाचे वय इंजिनाच्या तासांवर मोजावे लागते आणि तास मोजणारे मीटर चालू असलेले बंब थोडेच. पाण्याची टाकी साध्या पोलादाची असेल तर तळाशी गंजते, पंपाचे ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचे पॅकिंग, गळते, पंपात पाणी चढवणारा प्रायमर हवा ओढतो आणि विहिरीवरून पाणी उचलायला वेळ लागतो. त्यामुळे पंधरा वर्षांची मर्यादा बंबाच्या बाबतीत अगदीच अन्यायाची आहे, असे मला वाटत नाही.

खरा धोका आहे तो नवा बंब यायला लागणाऱ्या वेळेचा. तयार बंब शोरूममध्ये मिळत नाही. आधी चेसिस घ्यायची, ती बॉडी बांधणाऱ्याकडे पाठवायची, टाकी, पंप, होज रील, शिडी बसवायची, टाकीला रंगापूर्वी आणि पंपाला बसवल्यावर अशा टप्प्याटप्प्याने तपासण्या करायच्या, सक्शनची आणि दाबाची चाचणी घ्यायची, मग नोंदणी. प्रशासकीय मान्यता आणि निविदा धरून दीड-दोन वर्षे हाताशी ठेवली नाहीत, तर जुना बंब नोंदणी संपून उभा आणि नवा अजून बॉडीवाल्याच्या शेडमध्ये, अशी वेळ येते. त्या काळात शेजारच्या तालुक्याचा बंब तीस-चाळीस किलोमीटरवरून येणार, तोपर्यंत गोठा, गंजी, जिनिंग सगळे संपलेले असते. म्हणून बंबाचा प्रस्ताव तेराव्या वर्षी सुटायलाच हवा. पाण्याच्या टँकरलाही हाच हिशेब लागू आहे.

आता इंधनाकडे येतो. राज्याच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणानंतर १ जानेवारी २०२२ पासून सरकारी व निमसरकारी कामासाठी विकत किंवा भाड्याने घ्यायच्या नव्या गाड्या इलेक्ट्रिकच असाव्यात, असा निर्णय झाला. दिशा योग्य आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी अधिकाऱ्याची गाडी दिवसाला चाळीस-साठ किलोमीटर चालते आणि रात्री एकाच आवारात उभी असते. इलेक्ट्रिक गाडीसाठी याहून सोयीचे काम नाही. हिशेब सोपा आहे. महिन्याला दीड हजार किलोमीटर, डिझेल जीपचा ॲव्हरेज बारा, म्हणजे १२५ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ११,२५० रुपये. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला सात किलोमीटर गेली आणि चार्जिंगमधली गळती धरली तर सुमारे २४० युनिट लागतील. कार्यालयातच चार्ज केली आणि युनिट दहा रुपयांना पडले तर २,४०० रुपये. बाहेरच्या जलद चार्जरवर वीस रुपये युनिट मोजले तरी ४,८०० रुपये.

पण गाडी येते आणि चार्जर राहतो, हे चित्र बदलायला हवे. चाळीस युनिटांची बॅटरी साध्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर रिकामी ते पूर्ण भरायला बारा-तेरा तास घेते, ७.२ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरवर सहा तास. त्यासाठी ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते, आणि जुन्या सरकारी इमारतीचा मंजूर भार बहुतेक वेळा पंखे, संगणक आणि एसीतच संपलेला असतो. भार वाढवून घेण्याचा अर्ज गाडीच्या मागणीबरोबरच जायला हवा. त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अर्थिंग. इमारतीचे अर्थिंग वाळलेले, पट्टी गंजलेली असली की चार्जर दोष दाखवतो आणि गाडी चार्जच होत नाही. लोक म्हणतात गाडी बिघडली. चार्जरसाठी स्वतंत्र अर्थ पिट घ्यावा आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले, तर वायरमनला आधी तिकडे पाहायला सांगावे.

चार्जरचा प्रकारही पाहावा. केंद्राच्या ईईएसएल या ऊर्जा बचतीच्या कंपनीने २०१७ मध्ये दहा हजार इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा काढली, त्या पिढीच्या गाड्यांसाठी १५ किलोवॅटचे ‘भारत डीसी-००१’ चार्जर बसवले गेले. त्या गाड्यांची बॅटरी ७२ व्होल्टच्या आसपासची होती. आजच्या बहुतेक चारचाकी तीनशे व्होल्टच्या वर चालतात आणि त्यांना सीसीएस-२ चा प्लग लागतो. आवारात जुना चार्जर आहे म्हणून ‘चार्जिंगची सोय उपलब्ध’ असे प्रस्तावात लिहिले, तर गाडी आल्यावर पंचाईत होते. बॅटरीची हमी साधारण आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची मिळते आणि गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. उरलेल्या सात वर्षांचे काय, याची तरतूद खरेदीच्या दिवशीच दाखवायला हवी, मग ती बॅटरी बदलाची असो वा आठव्या वर्षी हलक्या कामावर वर्ग करण्याची.

सगळीकडे मात्र इलेक्ट्रिक चालणार नाही, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. गडचिरोलीहून भामरागड दीडशे किलोमीटरहून जास्त आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद, वीज जाते ती दिवसदिवस येत नाही. धडगाव, अक्कलकुवा, मेळघाटातली गावे यांचेही असेच. तिथे आरोग्य आणि महसूल विभागाला चारही चाकांना ताकद देणारी डिझेल गाडीच द्यावी. अशा ठिकाणी नियमाला अपवाद मागणारा अधिकारी धोरणाच्या विरोधात आहे, असे समजू नये.

पण डिझेल घेतले म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे धुराचे कडक निकष आले आणि नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आली. ही काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते. त्यासाठी आतले तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावे लागते, आणि ते साध्य होते पंधरा-वीस मिनिटे सलग, साठच्या वेगाने गाडी चालली तर. सरकारी गाडीचे काम नेमके याच्या उलट: पाच किलोमीटर जायचे, पाहणीच्या ठिकाणी एसी लावून इंजिन चालू ठेवून तासभर उभे राहायचे, परत यायचे. त्यात डिझेल दहा-दहा लिटरच्या कूपनवर भरलेले. टाकीत इंधन कमी असले की बऱ्याच गाड्यांत काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही. मग पिवळा दिवा लागतो, त्याकडे कोणी पाहत नाही, पुढे गाडी वेग घेईनाशी होते आणि वर्कशॉपमध्ये जाते. प्रक्रिया पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली की न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसले तर चालक खूश होतो की गाडी ऑइल खात नाही. प्रत्यक्षात ते पातळ झालेले असते आणि बेअरिंगचे नुकसान सुरू झालेले असते.

उपाय साधे आहेत. आठवड्यातून एकदा अर्धा तास महामार्गावर सलग गाडी चालवण्याची परवानगी लॉगबुकात स्पष्ट द्यावी, म्हणजे चालकाला ‘विनाकारण फेरी’चा शेरा मिळणार नाही. टाकी कायम पाव भागाच्या वर ठेवावी. ज्या गाड्यांना डीईएफ, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारे द्रावण, लागते, त्यांच्यासाठी डिझेलच्या तीन ते पाच टक्के, म्हणजे हजार लिटरमागे तीस ते पन्नास लिटर डीईएफ इंधनाच्याच तरतुदीत धरावे. हे ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध द्रावण असते. ते संपले म्हणून शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकला, तर पंप आणि नोझल खड्यांनी बंद होतात आणि त्याची दुरुस्ती वर्षभराच्या डीईएफपेक्षा महाग पडते.

सीएनजी महापालिका हद्दीत ठीक आहे. तालुक्यात पंप एकच आणि दाब कमी असेल तर टाकी अर्धीच भरते. टाकीची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे, आणि सरकारी गाड्यांत ती चुकते कारण तारीख कोणाच्याच नोंदवहीत नसते. ती आरसीच्या तारखेशेजारीच लिहावी.

राहिल्या भाड्याच्या गाड्या. त्या खासगी मालकीच्या असल्याने पंधरा वर्षांचा सरकारी नियम त्यांना लागत नाही. त्यामुळे निर्लेखित जीपच्या जागी तिच्याएवढीच थकलेली गाडी कंत्राटावर येऊ शकते. महिन्याला दोन हजार किलोमीटरचे कंत्राट देताना गाडीचे वय जास्तीत जास्त किती, बीएस-६ की इलेक्ट्रिक, टॅक्सी परवाना आहे की नाही, बंद पडल्यास बदली गाडी किती तासांत, हे निविदेत लिहिलेच पाहिजे. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी वापराची गाडी भाड्याने घेणे हा मोटार वाहन कायद्याचा भंग आहे आणि तो सरकारी कार्यालयाकडून होऊ नये.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाने, जिल्हा परिषदेने आणि नगरपरिषदेने आपल्या ताब्यातील गाड्यांची यादी नोंदणीच्या तारखेनुसार लावून दर एप्रिलमध्ये संकेतस्थळावर टाकावी. गाडीचा क्रमांक, इंधन, नोंदणी संपण्याची तारीख, मीटर चालू की बंद, मागच्या वर्षीचे रोजचे सरासरी आणि एका दिवसातले सर्वाधिक किलोमीटर, बदलीचा प्रस्ताव गेला की नाही, एवढे रकाने पुरेत. पुढील तीन वर्षांत थांबणाऱ्या रुग्णवाहिका, बंब आणि टँकर यादीत सर्वांत वर असावेत. ज्यांची पंधरा वर्षे २०२७ आणि २०२८ मध्ये भरतात, त्या बंबांच्या चेसिसची मागणी नोंदवायला आता उशीर करून चालणार नाही.

आपला,
एक वाचक, अमरावती